नेव्हिल सगडनचा गढूळ आवाज

माझा मेहुणा नेव्हिल सगडन बसचा तिकीट तपासनीस होता आणि ही गोष्ट त्याने कधी कुणाला विसरू दिली नाही. लग्न असो की मयत, नेव्हिल समोरच्याकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्याचा हात आपोआप खिशात तिकीट शोधायला जायचा. माझ्या बहिणीने, बेरिलने, त्याच्यात काय पाहिलं हे तिचं तिलाच ठाऊक. मी एकदा विचारलंही होतं. "उंच आहे," म्हणाली. आता उंच तर गिरणीचं धुराडंही असतं! त्याच्याशी कुणी संसार करत नाही.

मी आर्नल्ड बिन्स. तेव्हा आठवडाभर खाटकाच्या दुकानात मटण तोडायचो आणि शनिवारी आमच्या हॅरोथ्वेटच्या कामगार क्लबात ड्रम बडवायचो. बेरिल गायची. नुसती गुणगुणायची नाही हं, गायची. बिस्किटाच्या कारखान्यात डबे भरता भरता तिचा आवाज मशिनांच्या वर ऐकू यायचा. आणि लग्नानंतर तिच्या शेजारी हा तपासनीस गिटार घेऊन उभा राहायला लागला. का, तर म्हणे कलाकाराच्या नवऱ्याने कलाकारच असावं. सुरुवातीला त्याच्याकडे साधं लाकडी गिटार होतं. आमच्या क्लबाचा ऑर्गन सुरू झाला की त्यापुढे ते बिचारं असून नसल्यासारखं. नेव्हिल बोटं हलवायचा, मान डोलवायचा, लोक बिअर प्यायचे, सगळं कसं सुखात चाललं होतं.

मग त्याने तो ॲम्प्लिफायर आणला. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, कपाटाएवढा, दोन माणसांनी उचलायचा. पैकी एक मी. नेव्हिल पुढे चालत दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, "जपून रे आर्नल्ड, आत काच आहे." माझ्या कमरेत हाडं आहेत ते त्याच्या गावीही नसायचं. नवं विजेचं गिटारही आलं, लालभडक, आणि मधे टेलिफोनच्या वायरीसारखी वळ्यावळ्यांची वायर. पहिल्या शनिवारी नेव्हिल स्टेजवर आला तो केसांना तेल लावून, छाती काढून. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं असतं म्हणून उभा राहिला. सगळा क्लब त्याच्याकडे बघत होता, आणि तो क्लबाकडे, जणू सगळे बिनतिकीट आलेत.

आता आमच्या क्लबात स्टेजच्या डोक्यावर एक पेटी होती. आवाज बेताचा असला की हिरवा दिवा, वाढला की पिवळा. लाल लागला आणि तरी आवाज उतरला नाही, तर स्टेजची वीज खटकन बंद. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणून समितीने ती बसवली होती. आणि समिती ती समितीच! वायरिंगचा खर्च वाचवायला त्यांनी आकड्यांचे चेंडू उडवणारं बिंगोचं मशीन आणि मटण भरून भाजलेल्या पाई गरम ठेवायचं कपाटही त्याच लाइनीवर टाकलं होतं.

नेव्हिलने पहिली तार छेडली मात्र, हिरवा नाही, पिवळा नाही, थेट लाल! खटकन अंधार. ऑर्गन मधेच मेला, बिंगोच्या मशिनातले चेंडू खाली बसले. कुणाला तरी शेवटचा एकच आकडा हवा होता, ती बाई किंचाळली. पाई गार पडल्या. आमच्याकडे माणूस बायको पळून गेली तर सहन करेल, पण शनिवारची पाई गार मिळाली तर नाही.

सोमवारी नेव्हिलला समितीसमोर उभं केलं. मनोरंजन चिटणीस होरेस ॲक्रॉइड, ज्याला मी शाळेत असताना नाक पुसायला शिकवलं, तो टेबलाच्या मुख्य टोकाला बसला होता. होरेसला मायक्रोफोन दिसला की फुंकर मारायची सवय. त्या दिवशी समोर मायक्रोफोन नव्हता, तरी त्याने फुंकर मारली.

"समितीचा निर्णय," होरेस म्हणाला. "वादकाने गिटारवरचं आवाजाचं बटण दहापैकी तीनवर ठेवावं. ते तिथेच सील करण्यात येईल. समितीच्या परवानगीशिवाय सील काढू नये."

आणि खरंच, तपकिरी चिकटपट्टी काढून त्याने त्या लालभडक गिटारच्या बटणावर आडवी-उभी लावली आणि वर सही ठोकली. मला वाटलं, नेव्हिल आता त्याच्या डोक्यात गिटार घालतो. कसलं काय! नेव्हिल ताठ उभा, पदक मिळाल्यासारखा.

"हुकूम तो हुकूम," तो मला बाहेर आल्यावर म्हणाला. "नियम नसते ना आर्नल्ड, तर बसमध्ये माणसं कुठेही उतरली असती."

"माणसं कुठेही उतरतातच की नेव्हिल. बस त्यासाठीच असते."

त्याला ते पटलं नाही.

तर तेव्हापासून तो गढूळ आवाज सुरू झाला. काय सांगू! गिटार वाजतंय हे कळायचं, पण काय वाजतंय ते कळायचं नाही. तारेचा टणत्कार नाही, धार नाही, नुसतं बूंऽऽ बूंऽऽ. आमच्याकडे पाईबरोबर मटार शिजवून शिजवून गाळ करून देतात, तसा आवाज. क्लबातली माणसं काय सोडतात होय! मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडायचं, "नेव्हिल, तळघरातनं वाजवतोयस का रे?" दुसरा म्हणायचा, "बेरिल, त्याला गाद्यांखालनं बाहेर काढ गं, गुदमरलाय तो!" बेरिल हसून पुढचं गाणं घ्यायची. नेव्हिलचे कान मात्र गिटारच्या रंगाचे व्हायचे.

मग लागला तो शोधाला. कुठलाही दोष शोधायचा म्हणजे नेव्हिलला शिकारीला निघाल्यासारखं वाटे. प्रथम म्हणाला, व्हॉल्व्ह थकलेत. नवे व्हॉल्व्ह आले. टाकताना त्याने आम्हाला सगळ्यांना श्वास रोखून धरायला लावला. आवाज तोच. मग त्याने गल्लीतल्या टीव्हीवाल्या पॉगसनला बोलावलं. पॉगसन म्हणजे बोलायला लागला की मालिका संपेपर्यंत थांबत नाही.

"हे म्हणजे टीव्हीच हो," पॉगसन ॲम्प्लिफायरच्या पोटात डोकं घालून म्हणाला. "फक्त चित्र नाही. कपॅसिटर बघा, फुगलेत. हेच ते चोर! हे बदलले की घंटेसारखा वाजेल."

कपॅसिटर बदलले. पूर्वी जी घंटा रजईखाली वाजत होती, ती आता नव्या रजईखाली वाजू लागली. पॉगसनने मान हलवली आणि म्हणाला, स्पीकरचा कागद मेला. कागद बदलला. म्हणाला, ट्रान्सफॉर्मर आळशी झालाय. आळशी ट्रान्सफॉर्मर मी तोवर ऐकला नव्हता, आळशी टीव्हीवाला पाहिला होता. शेवटी पॉगसन म्हणाला, "सगडन साहेब, काही यंत्रांचा स्वभावच असा असतो," आणि चहा पिऊन गेला.

पण नेव्हिल हार मानतो कसला! त्याने ठरवलं की यंत्राला ओल लागते. म्हणून हिवाळाभर ॲम्प्लिफायर त्यांच्या झोपायच्या खोलीत, शेगडीजवळ. बेरिल दाराजवळ, वाऱ्यात. मग म्हणाला, हॅरोथ्वेटच्या विजेतच गाळ आहे. मग म्हणाला, आर्नल्डच्या झांजा माझा वरचा सूर खातात. मी म्हटलं, खातात, आणि त्यांना अजीर्ण झालंय. आणि एका शनिवारी, पाच-सहा जणांसमोर, तोंड वर करून काय बोलावं या महाभागाने?

"खरं सांगू का, बेरिलचा आवाज फार स्वच्छ आहे. त्यामुळे माझा उगाच गढूळ वाटतो. तिने जरा दाबून गायलं तर..."

पुढचा सगळा आठवडा त्याला जेवण गार मिळालं. बेरिलच्या हातची गार ग्रेव्ही मी खाल्लेली आहे, शत्रूवर येऊ नये.

गंमत म्हणजे व्हॉल्व्ह, वायरी, स्पीकर, ओल, वीज, मी, माझी बहीण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. त्या तपकिरी पट्टीकडे कुणाची नजर गेली नाही. आणि मी शहाणा कोण लागून गेलो, मीही दर शनिवारी ती बघतच होतो. पण ती समितीची पट्टी. आमच्याकडे समितीने भिंतीला खिळा ठोकला आणि तो डोक्यात शिरायला लागला, तर माणूस वाकून जायला शिकतो. खिळा काढायचं कुणाच्या मनात येत नाही. पॉगसनने तर एकदा त्या पट्टीवरची धूळ पुसून ती नीट दाबून बसवली होती.

वसंतात एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. नेव्हिल जेवण झाल्यावर यंत्राशी वर खोलीत. मी आणि बेरिल ताटं धूत होतो. ती धूत होती, मी पुसत होतो.

"आर्नल्ड," ती म्हणाली, "लीड्सवरून लोमस म्हणून एजंट येणारेत. शनिवारी. ब्रिडलिंग्टनच्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या कॅम्पसाठी माणसं निवडायला. उन्हाळाभराचं काम. राहायला खोली, रोज संध्याकाळी दोन कार्यक्रम."

"मग झालं की! तू गा आणि जा."

"जोडी हवीय त्यांना. गाणारी आणि गिटार. तिथे ऑर्गन नाहीये. तू ड्रमवर असशील त्या दिवशी, पण बाकी आम्ही दोघंच." तिने ताट तसंच हातात धरून ठेवलं. "हा मटारचा गाळ त्यांनी ऐकला तर संपलं."

"काही नाही संपत. पुढच्या वर्षी येईल की दुसरा कुणी."

"पुढच्या वर्षी मी पंचेचाळीसची होईन. बायकांना कुणी पंचेचाळीसव्या वर्षी पहिल्यांदा बोलावत नाही रे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळा सुटल्यापासून मी बिस्किटं भरतेय. समुद्र बघितलाय तो फक्त गिरण्या आठवडाभर बंद असतात त्या सुट्टीत, पावसात, बसथांब्याच्या आडोशाला उभं राहून. मला एकदा सकाळी उठून समुद्र बघायचाय. आणि दुसऱ्या दिवशी उठून परत बघायचाय. परतीची बस पकडायची नसताना."

मी म्हटलं, "ते ताट फोडशील, इकडे दे." वरून बूंऽऽ बूंऽऽ ऐकू येत होतं. त्या क्षणी मला तो ॲम्प्लिफायर आणि नेव्हिल दोघेही खिडकीतून बाहेर फेकावेसे वाटले, आधी नेव्हिल.

शनिवारी दुपारी क्लबात तालीम. नेव्हिलचं डोकं यंत्राच्या मागच्या बाजूने आत. आम्हाला फक्त त्याची विजार दिसत होती. "एक व्हॉल्व्ह जरा निळसर दिसतोय," विजार म्हणाली. बेरिलने त्याचं गिटार गळ्यात अडकवलं होतं. ती बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. नंतर तिने अंगठ्याच्या नखाने एक कोपरा उचलला आणि बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण ओढतात तशी ती पट्टी, होरेसच्या सहीसकट, सर्रकन ओढली. बटण फिरवून पार वर नेलं, ॲम्प्लिफायरचं तेवढंच खाली केलं आणि नुसता हात तारांवरून फिरवला.

अहाहा! काय तो आवाज! तारा कशा झणझणल्या! रिकाम्या हॉलमध्ये उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांतून तो फिरून आला. वरचा दिवा हिरवाच.

नेव्हिलने दचकून डोकं काढलं ते वर आपटलं. त्याची नजर आधी पट्टीवर गेली, कौतुक आवाजाचं नंतर.

"बेरिल! समितीचं सील!"

"खड्ड्यात गेलं समितीचं सील!"

"परवानगी घ्यावी लागेल. मंगळवारी बैठक असते."

"नेव्हिल, लोमस आज संध्याकाळी येतोय. आता सीलबिल म्हणालास ना, तर हीच पट्टी तुझ्या तोंडावर लावीन. राणीची शपथ."

मी हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात. "अरे शहाण्या," मी म्हटलं, "गिटारवरचं बटण एवढं खाली दाबून ठेवलं की आवाजाच्या आधी त्याची धार मरते! त्यात ती तुझी वळ्यांची वायर उरलीसुरली गिळते. सगळा हिवाळा तू त्या ॲम्प्लिफायरचं पोट फाडत बसलास, आणि रोग हाताशी, होरेसच्या सहीनिशी!"

नेव्हिलने गिटार घेतलं, एक तार छेडली, ऐकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी मान्य करतो. ते ओसरताच म्हणाला, "मला पहिल्यापासून संशय होताच."

मी दुसरं काही बोलायच्या आत होरेस बिंगोचे चेंडू मोजायला आला, म्हणून बेरिलने गिटार कव्हरात घातलं. तालीम तिथेच थांबली. थांबायला नको होती.

कारण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. नेव्हिलचं गिटारवादन आम्ही कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आधी ऑर्गनखाली होतं, मग एका खटक्यात अंधारात गेलं, आणि त्यानंतर गाळात. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा उजेडात आलं.

क्लब खचाखच. लोमस पुढच्या टेबलावर, बारीक मिशीचा, समोर बिअर आणि पाई. होरेसने मायक्रोफोनवर फुंकर मारली, "शांत राहा, लीड्सचे पाहुणे आलेत, खोकायचं असेल तर आत्ता खोकून घ्या," म्हणाला. पहिलं गाणं दोन-तीन सुरांचं, सोपं. निभावलं. नेव्हिल तर तरंगतच होता. आपल्याच आवाजावर खूश होऊन त्याने मला डोळासुद्धा मारला.

दुसरं गाणं बेरिलचं आवडतं, संथ, दर ओळीला वळणं घेणारं. पहिल्या वळणाला बेरिल डावीकडे गेली, नेव्हिल उजवीकडे. दुसऱ्या वळणाला तो मागेच राहिला आणि मग धावत येऊन तिला धडकला. आणि प्रत्येक चूक कशी? लख्ख! हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येणारी! मी झांजा जोरात मारून झाकायला बघितलं तर पिवळा दिवा. आमच्या क्लबात कार्यक्रम चालू असताना कुणी गप्प बसत नाही, ती आमची दाद असते. त्या दिवशी एकेक टेबल गप्प होत गेलं. लोकांनी पाई खाली ठेवल्या. सगळे नेव्हिलच्या बोटांकडे बघायला लागले. तो डोळे मिटून, मान डोलवत, स्वर्गात.

बेरिल गात होती. गाता गाताच तिने एक हात मागे नेला आणि त्याच्या गिटारचं बटण खाली फिरवलं. बूंऽऽ. गाळ परत आला.

नेव्हिलने डोळे उघडले, गोंधळून खाली पाहिलं, बटण परत वर केलं. टण्ण! चुकीचा सूर. बेरिलने, ओळ न तोडता, परत खाली केलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्याने वर. तिने खाली. आता मागच्या टेबलावर एक बाई टेबल बडवायला लागली. नेव्हिलच्या चेहऱ्यावर तो भाव, बसमध्ये कुणी लग्नाचा फोटो तिकीट म्हणून दाखवला तर यावा तसला. तेवढ्यात होरेसला उघडं बटण दिसलं. "सील कुणी काढलं? समितीचं सील?" ओरडत तो चिकटपट्टीचं रीळ घेऊन स्टेजवर चढला आणि गाणं चालू असतानाच पट्टी लावायला बटण धरू लागला. नेव्हिल गिटार घेऊन गोल फिरतोय, मागे होरेस पट्टी ताणून, मधे माझी बहीण उभी राहून गातेय. सूर तिने सोडला नाही. हॉल कोसळला हो! माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी ड्रम वाजवत होतो आणि बेरिलच्या पाठीकडे बघत होतो. मनात म्हटलं, गेला तुझा समुद्र, पोरी.

नंतर समितीच्या खोलीत आम्ही चौघं. बेरिल, नेव्हिल, मी, आणि डोळे पुसणारा लोमस.

मी हळूच बेरिलला विचारलं, "खाली का केलंस गं? गात राहायचं होतं."

"लोक त्याच्याकडे बघायला लागले होते, आर्नल्ड," ती म्हणाली. तेवढंच.

लोमस म्हणाला, "तीस वर्षांत इतका हसलो नव्हतो! हे असंच्या असं हवंय मला. रोज. बाई इतकी सुंदर गाते, शेजारी हा गाढव तंगड्या तोडल्यासारखा वाजवतोय आणि ती त्याचं तोंड बंद करतेय! पट्टीवाल्या माणसाचं सोंग आमचा कॅम्पचा हमाल घेईल. कुणी बसवलं हे?"

नेव्हिल म्हणाला, "तंगड्या तोडल्यासारखा?"

लोमस आणखी हसला. "हाच! हाच चेहरा! तीळभरही बदलू नका यात."

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला टोचायची एक संधी मी सोडली नव्हती, आणि आता समोर ताटात वाढून आली होती. पण माझ्याने तोंड उघडवेना. मग त्याने बेरिलकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. माणसाला असं एकदम कळताना मी दुसऱ्यांदा पाहू इच्छीत नाही.

बेरिलने पर्स काखेत घेतली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"तुमचा काहीतरी घोटाळा झालाय, मिस्टर लोमस," ती म्हणाली. "माझे यजमान वादक आहेत. ते सोंग नव्हतं. आम्हाला तसलं काम नको. नमस्कार."

"बेरिल, थांब," नेव्हिल म्हणाला.

तो उठून उभा राहिला. उंच तर होताच. कोटाची बटणं लावली, जशी तो बसमध्ये चढायच्या आधी लावायचा.

"हिला थट्टा करायची सवय आहे," तो लोमसला म्हणाला. "सोंगच आहे ते. मीच बसवलंय. हिवाळाभर घासतोय. चुकीचं वाजवायचं म्हणजे सोपं नसतं." मग त्याने विचारलं, "खोलीतून समुद्र दिसतो का हो?"

"दिसतो की! समोरच आहे."

"मग झालं. तेवढं बघा. हिला समुद्र हवा."

एरवी आयुष्यभर नेव्हिलने जी जी फुशारकी मारली ती स्वतःला फूटभर वाढवायला. ही पहिलीच, जी त्याने स्वतःला विदूषक करायला मारली. आणि बेरिलने, जिला त्याची प्रत्येक थाप झोपेतही कळते, तिने ही मान खाली घालून ऐकून घेतली.

ते गेले. बसखात्याने रजा दिली नाही म्हणून त्याने नोकरी सोडली. ही गोष्ट त्याने मला सांगितली नाही, क्लबात कळली. मी गिरणीच्या सुट्टीच्या आठवड्यात ब्रिडलिंग्टनला गेलो. बेरिल उन्हाने तांबूस झाली होती. मला खिडकीपाशी नेऊन म्हणाली, "बघ," जणू तो समुद्र तिनेच धुऊन वाळत घातलाय. संध्याकाळी मी कार्यक्रमाला मागे बसलो. ती गायली. अशी गायली की मी माझ्या बहिणीला ओळखलं नाही. शेजारी तो, छाती काढून, मान डोलवत. आणि माझ्या खाटकाच्या कानांनाही कळलं की आता प्रत्येक चुकीचा सूर नेमका ठरलेल्या जागी पडतोय, तिचा श्वास संपतो तिथे, तिच्या एकाही शब्दाला धक्का न लावता. तेवढं चुकायला आधी बरोबर वाजवता यावं लागतं. ते तो कुठे आणि कसा शिकला, मला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही, आणि हा माणूस सांगितल्याशिवाय राहत नसे.

हॉल हसत होता. माझ्या शेजारची जाडी बाई रुमालाने डोळे पुसत माझ्यावर कलंडली.

"अगं बाई! कुठून धरून आणलाय हो हा गाढव?"

"हॅरोथ्वेटहून," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. आणि बाई, तो गाढव नाही. तो काम करतोय."